पाटाखालचं बटण

आता पुण्या-मुंबईत म्हाताऱ्यांच्या घरात यंत्रं बसवतात म्हणे. म्हातारा पलंगावरून उठला की परदेशातल्या पोराच्या खिशात टिंग वाजतं, न्हाणीत जास्त वेळ लागला की सुनेच्या पर्समध्ये टिंग वाजतं. लोक मला हे कौतुकानं सांगतात आणि मी गालातल्या गालात हसतो. कारण ही विद्या जगात सगळ्यांत आधी निघाली ती परळी वैजनाथात, आणि ती काढली मी. साक्षीला अख्खा बाजार आहे. त्यातले निम्मे वारले आणि उरलेले निम्मे थापाडे आहेत, पण तेवढ्यानं गोष्ट खोटी होत नाही.

काळ असा होता की देशाची सगळी दारं एकदम उघडली होती आणि आत काय काय शिरतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. पत्र्यापत्र्यावर छत्र्या उगवल्या, गल्लीवर केबलच्या वायरींचं असं जाळं पडलं की कावळ्यांना उतरायला जागा राहिली नाही. पिवळ्या पाटीचे फोनचे बूथ निघाले. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांची अशी रेटारेटी की मी हातात सोल्डरिंगची काडी धरूनच जेवायचो. एकदा घाईत भाकरीलाच टाका दिला होता. चांगली लागली.

माझे वडील, म्हणजे अप्पा, मागच्या गल्लीत एकटे राहायचे. आमचं लिंगायत वाण्याचं घर. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं. ज्वारीचं पोतं नुसतं लाथ मारून किती किलोचं ते सांगायचे, आणि काटा चुकला तरी अप्पांची लाथ चुकायची नाही. आई गेली तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि मागच्या दोन खोल्यांत राहायला लागले. मी बायको-लेकरांसह रुळांपलीकडं नव्या प्लॉटावर घर बांधलं होतं. त्यांना किती म्हटलं, चला. ते म्हणायचे, "सकाळी मपलं दार मी उघडणार, रातच्याला मीच लावणार. दुसऱ्यानं उघडलेल्या दारातनं मला भाईर निघता येत न्हाई." संपलं. अप्पांनी भाव सांगितला की त्यात घासाघीस नसायची.

मग एक दिवस ते न्हाणीत घसरले. बराच वेळ तसेच पडून होते. दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा आतून हुकूम आला, "आधी दूध झाकून ठेव, मंग मला उचल." हाड मोडलं नव्हतं, पण खबर मोडतोड होऊन पुण्याला पोचली.

पुण्याला माझा थोरला भाऊ. तो एका खाजगी कंपनीत साहेब झाला होता. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, घरात फोन, फ्रिजमध्ये बर्फ. आमच्याशी बोलताना 'आहे', 'नाही' असं पुस्तकासारखं बोलायचा. दर रविवारी माझ्या दुकानाशेजारच्या बूथवर त्याचा फोन यायचा. त्या रविवारी तो म्हणाला, "बस झालं. अप्पांना मी इकडे आणतो."

शेजारी उभ्या असलेल्या अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुझ्या त्या डब्यात बसून वर जायाचं आन् डब्यात बसून खाली याचं. वर गेलं की खिडकीतनं कोण दिसतंय?"

"समोरची बिल्डिंग दिसते, अप्पा."

"आन् तिच्यातनं आपुन दिसतो. म्हंजे काय, दोन्हीकडं कोंबड्या."

भावानं विषय सोडला नाही. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही आत पडलात आणि आम्हाला कळलंच नाही, असं पुन्हा झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

अप्पांनी फोन परत माझ्या हातात कोंबला. एवढ्यात मी मध्येच बोललो, आणि जगाच्या इतिहासाला वळण लागलं. मी म्हणालो, "दादा, अप्पा रोज उठून बसले की मला दुकानात कळंल, असं काही केलं तर?"

करार ठरला. दिवाळीपर्यंत अप्पा इथंच राहतील. रोज सकाळी माझ्या दुकानात खुणेचा दिवा लागेल. एक दिवस जरी दिवा लागला नाही, तर भाऊ येईल आणि अप्पा मुकाट्यानं पुण्याला जातील; एकदाही चुकला नाही, तर दिवाळीनंतर पुण्याचं नाव काढायचं नाही. अप्पांना तोंडी करार मान्य नसायचा. बाजारात सौदा होतो तसा रुमालाखाली हात घालून व्हायला हवा. पण दुसरा हात होता पुण्याला. मग फोन कानाला लावून, भावाच्या वतीनं मी हात पुढं केला, बूथवाल्यानं वर टॉवेल टाकला, आणि अप्पांनी माझी बोटं अशी दाबली की पुण्यात भाऊ ओरडला.

आता बटण बसवायचं कुठं? मी म्हणालो, पलंगाखाली. अप्पा म्हणाले, "मी कव्हा झोपलो आन् कव्हा कुशीवर वळलो, ही खबर बाजाराला काहून?" मी म्हणालो, दाराला. ते म्हणाले, "मपल्याकडं कोण आलं, कोण गेलं, त्याची तुला काय पंचाईत?" न्हाणी म्हणायला मी नुसतं तोंड उघडलं, तर त्यांनी तांब्या उचलला. शेवटी त्यांनीच जागा काढली. पूजेचा पाट.

आमच्यात शिवपूजेशिवाय पाणी घोटत नाहीत. गळ्यातलं लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं आणि बसायचं. अप्पा आजारी असोत, कुणाची मयत असो, की बाजारात आग लागलेली असो, पूजा चुकली नव्हती. "तव्हा मी देवाला दिसतच आसतो," अप्पा म्हणाले. "बाजाराला दिसलो तं काय बिघडलं?"

मी दारावरच्या घंटीचं बटण पाटाखाली बसवलं, खाली टॉर्चमधली स्प्रिंग दिली. तिथून वायर पत्र्यावर, पत्र्यावरून केबलवाल्याच्या वायरींच्या गर्दीतून लपतछपत माझ्या दुकानात. दुकानाच्या दर्शनी बाजूला मोटारसायकलच्या मागचा लाल दिवा, खाली बॅटरी. म्हणजे लाइट गेली तरी अप्पा जाणार नाहीत. गावात एवढं मोठं वीज केंद्र, धुराडी आभाळाला टेकलेली, तरी मी बॅटरी ठेवली, यात माझी दूरदृष्टी दिसते.

पहिल्या सकाळी दिवा लागला तेव्हा मी असा ओरडलो की समोरच्या हॉटेलात तळणातली भजी कढईबाहेर आली. "बसले! अप्पा बसले!" बाजार धावला. लोकांनी दिव्याला हात लावून पाहिलं. एकानं तर वाकून 'राम राम अप्पा' म्हटलं.

तिथून रोजचा मेळा सुरू झाला. गावातली सगळी म्हातारी मंडळी सकाळी माझ्या ओट्यावर जमायला लागली. त्यांच्यात पहिले निवृत्त गुरुजी. ते हातातली काठी आपटून म्हणाले, "हे वाईट हाय. माणूस उठला, बसला, याच्यावर नजर पोलीस ठेवतेत, तीबी चोरावर. उद्या पोरं म्हणतील, गुरुजी, तुमी दुपारी दोनदा का उठले?" एवढं बोलून ते दिव्यासमोरची सगळ्यांत चांगली जागा पकडून बसले, आणि पुढं एक दिवसही ती सोडली नाही.

दुसरे होते एक बागायतदार, राजकारणातले जुने पैलवान. ते म्हणाले, "मला एक बसवून दे बे."

"कुठं, पलंगाला?"

"पलंगाला घालतो काय! कारखान्यातल्या मपल्या खुर्चीला. मी उठलो की तिथं कोण बसतंय, ते मला घरी कळालं पायजे."

आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मावशी. शिरूर कासारकडच्या. त्यांची दोन्ही पोरं सुना-लेकरं घेऊन हंगामात ऊसतोडीला जायची, मग मावशी इथं खोली करून राहिल्या होत्या, चार घरची धुणी करायच्या. मी त्यांना म्हणालो, "मावशी, तुमच्याबी पाटाला लावू का?" त्या अशा हसल्या की कडेवरची घागर हिंदकळली. "येडा का काय तू? मी बसते कव्हा? तुझा दिवा जलमभर लागायचा न्हाई, आन् लोक म्हनतील, म्हातारी मेली."

हळूहळू दिवा गावाचं घड्याळ झाला. स्टेशनातून गाडी सुटायची ती अप्पा बसल्यावर, असं मी म्हणत नाही, पण तसं म्हणणारे मला भेटले आहेत. अप्पांनाही त्याची गोडी लागली. पूजा आटोपली की ते पाटावर उठबस करून मला खुणा करायचे. दिवा दोनदा लुकलुकला की तंबाखू संपली, तीनदा लुकलुकला की पेपर धाड. एकदा दिवा एवढा थरथरला की मी पळत गेलो. अप्पा शांतपणे म्हणाले, "काही न्हाई. शेंगदाण्याचा भाव काय निघाला ते इचारत होतो."

पण एका सकाळी मी तंबाखू घेऊन गेलो तेव्हा ते पाटाकडं बघत उभे होते. मला म्हणाले, "तुला एक सांगू? आधी मी बसलो की डोळे मिटायचो आन् समदं गप व्हायचं. आता डोळे मिटले की तुझा ओटा दिसतोय. तो गुरुजी दिसतोय, तोंड वासून बसलेला. मला वाटतंय मी उशीर केला तं त्याचा चहा थंड होईल."

"मग काढून टाकू का, अप्पा?"

"काढ. आन् मला चौथ्या मजल्यावर टाक." ते पाटावर हात फिरवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दिवाळी जवळ आली."

खरंच जवळ आली होती. बाजारात झेंडूचे ढीग पडले होते. करार संपायला थोडे दिवस उरले होते आणि दिवा एकदाही चुकला नव्हता. त्यात एका सकाळी, मी दुकान उघडतोय तोवर समोर सुटकेस घेऊन माझा भाऊ उभा. रातराणीनं आला होता. म्हणाला, "स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग ठरवू." त्याच्या आवाजात असं काही होतं की माझ्या हातातलं कुलूप ओलं झालं.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. गुरुजी आले. बागायतदार आले. बूथवाला शटर अर्धं वर करून आला.  भाऊ दिव्याकडं असा बघत होता जसा निकालाच्या पाटीकडं बघायचा.

आणि दिवा लागला! लालभडक! भाऊ उठून उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो चक्क आपल्या बोलीत म्हणाला, "बसले की बे!" मी त्याला मिठी मारली. गुरुजींनी चहाची ऑर्डर दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

रोज चहा संपेपर्यंत दिवा विझायचा. चहा संपला. दिवा चालूच. दुसरा चहा झाला. दिवा चालूच. हॉटेलवाल्याचा भज्यांचा घाणा निघाला, दुसरा निघाला, आणि दिवा आपला लालबुंद.

"आज लई वेळ बसलेत अप्पा," बूथवाला म्हणाला.

"काही झालं तर नाही ना?" भाऊ म्हणाला.

गुरुजींनी काठी आपटली. "साहेब, शिकलेले ना तुमी? झालं आसतं तं माणूस कलंडला आसता. कलंडला की बटण सुटतंय. बटण सुटलं की दिवा इझतोय. दिवा चालू हाय, म्हंजे अप्पा ताठ बसलेत."

एवढ्या बिनतोड युक्तिवादापुढं माझा शिकलेला भाऊ पुन्हा खाली बसला. मी तर वायरीतला माणूस. काहीतरी भलतंच दाबलं गेलं असेल अशी शंका मला यायला हवी होती. पण पूजेला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे आमच्या रक्तात. पूजेतून उठवलेल्या माणसाच्या मागं सात पिढ्यांचं काय काय लागतं, ते अप्पांनीच आम्हाला सांगितलं होतं. तरी गुरुजी जाऊन दाराला कान लावून आले. दार नुसतं लोटलेलं होतं. परत आले ते डोळे विस्फारून. "आत श्वासबी ऐकू येत न्हाई," ते हळूच म्हणाले. "समाधी लागली."

मग काय विचारता! वैजनाथाचं गाव. बूथवाल्यानं अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जिथले नंबर तोंडपाठ होते तिथं सगळीकडं फोन लावले. कुणीतरी दिव्याला झेंडूचा हार घातला. कुणी बेल वाहिला. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं. नारायणगडाकडच्या जत्रा करत फिरणारा एक परका नारळवाला कुठून वास काढत आला कोण जाणे, त्यानं माझ्या ओट्याखाली गोणपाट टाकून नारळ मांडले. दुरुस्तीला आलेल्या टीव्हींवर गुलाल पडला. रांग लागली ती हॉटेलापासून थेट गुळाच्या आडतीपर्यंत. मी सांगतो त्यातलं थोडं सोडा, पण रांग वळून आली होती हे खरं. माझा भाऊ, कंपनीतला साहेब, टाय-बूट घालणारा माणूस, रांग सरळ करत होता. "पुढे चला, दर्शन घेऊन पुढे चला, मंडळी!" त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू अप्पांना मुलगा तोच झाला होता.

त्या रांगेत मागं एक म्हातारा येऊन उभा राहिला. मळकं धोतर, कपाळाला भस्म, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला टॉवेल. त्यानं नारळवाल्याला विचारलं, "काय हाय इथं?"

"सरका पुढं, बाबा. एक म्हातारा समाधीत बसलाय."

"कोन म्हातारा?"

"भुसारवाले अप्पा म्हनं."

"कव्हापासून?"

"सकाळधरनं. हालला बी न्हाई."

"लई मोठा मानूस आसंल," म्हातारा म्हणाला. त्यानं चपला काढल्या, झेंडूचं एक फूल घेतलं आणि रांगेतून पुढं सरकत राहिला.

हे मला नंतर नारळवाल्यानंच सांगितलं. मी दिव्याखाली उभा होतो. माझ्यासमोर एक हात आला, त्यानं फूल ठेवलं, आणि माझ्या कानात आवाज आला, "वायर जरा ढिली दिसतीय बे."

मी मान वर केली. अप्पा!

टाळ थांबले. नारळ फोडणाऱ्याचा हात वरच राहिला. गुरुजींनी एकदा अप्पांकडं बघितलं, एकदा दिव्याकडं, आणि थेट खाली बसले. दिवा चालूच होता.

"अप्पा," भाऊ कसाबसा म्हणाला, "तुम्ही इथे. मग आत कोण बसलंय?"

"बघून या की."

अख्खी रांग अप्पांच्या घराकडं पळाली. मी दार ढकललं. पाटावर दहा किलोचं लोखंडी वजन बसलेलं होतं, त्याच्या मांडीवर पाच किलोचं, आणि दोघांवर अप्पांची पूजेची शाल. बाहेरून कुणीतरी विचारलं, "दर्शन हाय का?"

भावानं शाल उचलली आणि त्याचा चेहरा विझला. तो ओट्यावर आला. अप्पा तिथं पायरीवर बसले होते. भावानं खिशातून दोन तिकिटं काढली. परतीची होती. एक त्याचं, एक अप्पांचं. म्हणजे तो बघायला नव्हे, न्यायलाच आला होता.

"फसवलंत, अप्पा," तो म्हणाला. "मी तिकडे रोज सकाळी ऑफिसात विचार करतो, दिवा लागला असेल. आणि इथे वजनं बसवता? किती दिवस चाललंय हे?"

"आजच. पैल्यांदा."

"कशावरून?"

अप्पांनी मावशींच्या पत्र्याकडं बोट केलं. "तिच्या बंबाचा धूर निघाला न्हाई."

कुणालाच कळेना. अप्पा सावकाश बोलायला लागले. शिरूरकडं ऊसतोडीला सगळी तरणी माणसं निघून गेली की गावात म्हातारीच उरतात. ती सकाळी उठून एकमेकांच्या पत्र्यावर बघतात. धूर दिसला की चूल पेटली, चूल पेटली की माणूस जिवंत. नाही दिसला की जाऊन हाक मारायची. मावशींनीच त्यांना हे सांगितलं होतं. मावशी अजून बंबावर पाणी तापवायच्या, लाकडं घालून. अप्पा रोज पाटावर बसायच्या आधी मागच्या दारातून त्यांचा धूर बघायचे.

"आज न्हाई दिसला. हाक मारली, ओ न्हाई. आत जाऊन बघतो तं ती छातीला हात लावून बसलेली, घामानं चिंब. रिक्षा आनली, दवाखान्यात न्हेलं. निघताना ध्यानात आलं, दिवा लागला न्हाई तं तू मला न्हेशील. म्हनून वजनं ठिवली."

"आणि पूजा?" मी विचारलं. आजवर चुकली नव्हती ती पूजा.

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा निकरमध्ये गेलो. "आरं, देव गळ्यात हाय, पाटाखाली न्हाई. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो, नर्सनं पानी दिलं, केली."

म्हणजे आम्ही सगळे सकाळभर पंधरा किलो लोखंडाला हार घालत होतो आणि खरी पूजा दवाखान्याच्या बाकड्यावर, औषधाच्या वासात, कधीच उरकली होती.

भाऊ तरी हटेना. "पण कराराचं काय?"

अप्पा ताठ झाले. एकदम गादीवरचे भुसारवाले अप्पा. "करार काय होता? दिवा लागला पायजे. लागला का न्हाई? लोक हार घालेपर्यंत लागला. त्यात अप्पा बसले पायजेत, असं कुनी म्हनलं होतं? रुमालाखाली हात घातला होता म्या."

बागायतदारांनी मान डोलावली. "सौदा बरोबर हाय, साहेब. मालाची जात तुमी आधी लिहून घ्याया पायजे होती."

भाऊ हसला नाही. "मावशी कुठे आहेत?" एवढंच म्हणाला.

दवाखान्यात मावशी सलाईन लावून पडल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण तोंड चालू. आम्हाला बघून म्हणाल्या, "ह्या म्हाताऱ्यानं मला रिक्षात कोंबलं आन् रस्ताभर एकच इचारलं. दुखतंय का म्हनून न्हाई. 'दिवा चालू आसंल का?' म्हनून."

भाऊ त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, "मावशी, मी अप्पांना पुण्याला न्यायला आलोय."

मावशींनी डोळे मिटले. मग उघडले. "न्ये की बाबा. बाप हाय तुझा, न्हेऊ नगो कसं म्हनू? फकस्त जायाच्या आधी एक सांगून जा. सकाळी माझा धूर कोन बघंल?"

 भावानं मावशींच्या पायांवरची चादर सारखी केली. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला.

त्या दुपारी अप्पांनी नवा सौदा सांगितला, आणि त्यात घासाघीस नव्हती. दिवा राहील, पण अट सुटली. लागला तर लागला, नाही लागला तर मी जाऊन बघायचं, पुण्याला फोन करायचा नाही. "आन् त्याचं तोंड बाजाराकडं नगं," ते म्हणाले. "आतल्या बाजूला कर. तुला दिसला म्हंजे बास. त्या गुरुजीला म्हनावं, तुपल्या घरी जा आन् तुपला चहा पी." मी दिवा फिरवला. गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते काउंटरच्या आत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भावाला सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. अप्पांनी खांद्यावर ज्वारीचं पोतं घेतलं होतं, कुणाला हात लावू देत नव्हते. गाडीत चढून त्यांनी ते भावाच्या शेजारच्या जागेवर, आपल्या नावच्या सीटवर, नीट बसवलं. वरून दोनदा थोपटलं. "सूनबाईला म्हनावं, नवी ज्वारी हाय. भाकरी फुगली की मला कळव."

ते खाली उतरले. गाडी गच्च भरली होती, माणसं उभी होती. कंडक्टर वायरीसारखा माणसांतून सरकत आला आणि पोत्यावर हात ठेवून म्हणाला, "हे खाली घ्या, साहेब. जागा रिकामी हाय ना?"

खिडकीतून मला भावाचा चेहरा दिसत होता. त्यानं खिशातून दुसरं तिकीट काढून पुढं केलं.

"न्हाई," तो म्हणाला. "वडील बसलेत."